टोल्यापासून सवालापर्यंत : ‘पिंग’ची हकीकत

‘जेवण झालं की मला पिंग कर’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत आता इतकं रुळलंय की, त्यात काही परकं आहे असं कुणाला वाटत नाही. त्याच घरातला मुलगा मोबाइलवर खेळताना ‘पिंग दोनशेवर गेलाय’ म्हणून चिडतो. नौदलात सोनारवर बसलेल्या माणसाच्या लेखी पिंग म्हणजे पाण्यात सोडलेला ध्वनीचा ठोका. अमेरिकन गॅरेजमध्ये इंजिन पिंग करतं, गोल्फच्या दुकानात पिंग नावाची काठी मिळते आणि चीनमध्ये हाच आवाज जवळपास राष्ट्रीय खेळाचं नाव होऊन बसलाय. एवढुशा नादशब्दाला इतके अर्थ आले कुठून?

यावर सहसा एक उत्तर मिळतं : पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारमधून तो संगणकात आला आणि संगणकातून कचेरीत. हे उत्तर खोटं नाही, पण ते गोष्ट मध्यापासून सांगतं. सोनारने ‘पिंग’ उचलला तेव्हा या शब्दाने इंग्रजीत शंभरेक वर्षं काढली होती, आणि तेव्हाचा त्याचा अर्थ आजच्या अर्थाच्या जवळजवळ उलटा होता. तो आघाताचा शब्द होता. काहीतरी येऊन आदळलं आणि विषय संपला, असा. आज मात्र पिंग म्हणजे विचारणा. ती करणारा पुढे उत्तराची वाट पाहतो. हा पालट कुठे झाला, ते पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

इंग्रजी शब्दकोशांत दोन वेगळे ‘पिंग’ सापडतात. पहिला फार जुना. जुन्या इंग्रजीत टोचणे, ढकलणे या अर्थाचं एक क्रियापद होतं आणि ते लॅटिनच्या ‘पुंगेरे’वरून आलं होतं. हा पिंग पुढे इंग्लंडच्या काही बोलींत तेवढा उरला. त्याच लॅटिन धातूपासून ‘पंक्चर’ निघाला, म्हणजे आपल्या नाक्यावरचा पंक्चरवाला या जुन्या पिंगचा दूरचा भाऊबंद लागतो. दुसरा पिंग निव्वळ आवाजाचा. त्याची नोंद १८३५ पासून मिळते, बंदुकीची गोळी कशावर तरी आदळताना होणाऱ्या टणत्काराला उद्देशून. त्याचं क्रियापद १८५०च्या दशकात दिसू लागतं. या दोघांत नातं जोडायचा मोह होतो, कारण गोळीही टोचतेच. पण त्याला आधार नाही. संस्कृतातला ‘पिंग’ म्हणजे पिंगट रंग, ज्यावरून आपला पिंगळा आला, त्याचाही इथे काही संबंध नाही.

आवाजाची नक्कल करून शब्द बनतात का, हा वाद मात्र इंग्रजीपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याची सुरुवातीची नोंद आपल्याकडचीच आहे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्तात कावळ्याचं नाव त्याच्या ओरडण्यावरून पडलं, असं म्हटलंय आणि पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ दिसतो, अशी पुस्तीही जोडलीय. तिथेच त्याने औपमन्यवाचं उलट मतही नोंदवलंय : आवाजाच्या नकलेतून शब्द होतच नाहीत, कावळा हा हाकलण्याजोगा पक्षी, म्हणून तो ‘काक’. दोन-अडीच हजार वर्षांनी मॅक्स म्युल्लरने १८६१च्या लंडनमधल्या व्याख्यानांत औपमन्यवाचाच पक्ष घेतला आणि भाषेचा उगम नकलेत शोधणाऱ्यांच्या सिद्धान्ताला ‘भो-भो सिद्धान्त’ अशा अर्थाचं टिंगलीचं नाव दिलं. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या १९१६ साली, मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात हा मुद्दा जास्त सबुरीने येतो : असे शब्द असतात, पण थोडे असतात, आणि एकदा भाषेत शिरले की बाकीच्या शब्दांसारखेच झिजतात. चिवचिवाटावरून झालेल्या लॅटिनच्या ‘पिपिओ’चा ‘पिजन’ झाला. आज तो ऐकून चिवचिव कुणाला आठवते?

मला सोस्यूरचं म्हणणं पटतं, पण ‘पिंग’च्या बाबतीत त्यात एक भर घालावीशी वाटते. हा शब्द झिजलेला नाही. दोनशे वर्षांत त्याचा उच्चार जागचा हललेला नाही आणि त्याची घडणही सहज उकलून दाखवता येते. आरंभीचा ‘प’ ओठ मिटून एकदम सोडलेला, म्हणजे आघात. मग ‘इ’, जी जगभरच्या भाषांत लहान, बारीक, उंच सुराच्या गोष्टींना चिकटते. एडवर्ड सापिरने १९२९ मध्ये ‘मिल’ आणि ‘माल’ हे बनावट शब्द लोकांपुढे ठेवून यातलं मोठं टेबल कोणतं, असं विचारलं होतं. बहुसंख्य लोकांनी ‘माल’कडे बोट दाखवलं. शेवटी येतो नाकातला घुमारा. आघात संपला तरी वस्तू कंप पावत राहते, तो हा भाग.

मराठी कानाला हे शिकवावं लागत नाही. खट्, कट्, पट् हे आवाज जागीच मरतात; खण्, टण्, ठण्, झण् रेंगाळतात. पितळी भांडं पडलं तर ते ‘खट्’ पडलं असं कुणीही म्हणणार नाही. या नादशब्दांचे अर्थ पुढे कसे वाहवत जातात, तेही मराठीत छान दिसतं. नाणं वाजवून पारखायच्या काळातला ‘खणखणीत’ आता आवाजाला, उत्तराला, परीक्षेतल्या यशालाही लागतो. ‘ठणठणीत’ माणूस म्हणजे निरोगी, आणि ‘ठणठणगोपाळ’ म्हणजे खिशात दमडी नसलेला. ठणठण एकच, एकाला त्यात भांड्याचा धडधाकटपणा ऐकू आला, दुसऱ्याला त्याचं रितेपण. आवाज अर्थ सुचवतो एवढंच. पुढे तो कुठे न्यायचा, हे वापरणाऱ्यांच्या हातात असतं.

‘पिंग’ गोळीच्या हातून सुटला तो दिवाणखान्यात. १८८०-९०च्या सुमारास इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत जेवणानंतर टेबलावर टेनिस खेळायची टूम निघाली. जॅक्स नावाच्या खेळसामान बनवणाऱ्या कंपनीने १८९१ मध्ये ‘गॉसिमा’ या नावाने हा खेळ विकायला काढला. तो फारसा चालला नाही. चेंडूच धड नव्हता. रबराचा उसळे जास्त, बुचाचा उसळे कमी. शतक पालटताना सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला आणि खेळ एका हंगामात वेडासारखा पसरला. तेव्हाच्या बॅटी लांब दांड्याच्या, चौकटीवर चामडं ताणलेल्या, म्हणजे छोटी डफलीच. पोकळ चेंडू त्यावर आपटला की एक आवाज आणि टेबलावर आपटला की दुसरा, जरा खालचा. १९००च्या सुमारास ‘पिंग-पाँग’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं. स्पर्धकांनी ‘व्हिफ-वाफ’सारखी नावं काढली, ती टिकली नाहीत. ‘इ’ आधी आणि रुंद स्वर मागून, हा इंग्रजीचा ठरलेला क्रम आहे : टिक-टॉक, डिंग-डाँग, पिंग-पाँग. ‘पाँग-पिंग’ म्हणून पाहा, जीभच नकार देते.

व्यापारचिन्हामुळे पुढे एक गंमत झाली. नावाचा हक्क कंपनीकडे असल्याने १९२०च्या दशकात खेळाच्या संघटना उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ‘टेबल टेनिस’ हे रुक्ष नाव घेतलं, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघालाही तेच चिकटलं. खेळाडूंच्या जगातून शब्द बाहेर गेला, पण लोकांच्या तोंडी राहिला. चिनी भाषेत तर तो अधिकृतच आहे. तिथल्या लिपीत ‘पिंग’ आणि ‘पांग’ लिहायला वापरली जाणारी दोन अक्षरं सैनिक या अर्थाच्या अक्षराशी जुळतात. फक्त एकाचा एका बाजूचा पाय गळालाय, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूचा. १९७१ मध्ये नागोयाच्या जागतिक स्पर्धेनंतर अमेरिकी संघ चीनला गेला, पुढच्या वर्षी निक्सन गेले, आणि ‘पिंग-पाँग मुत्सद्देगिरी’ हा शब्दप्रयोग कायमचा झाला. ब्रिटिश संसदेत विधेयक दोन सभागृहांत इकडून तिकडे टोलवलं जातं, त्यालाही पिंग-पाँगच म्हणतात.

या खेळात आवाजाला किती किंमत होती, ते मुंबईत कळलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशियातली ती पहिली. जपान प्रथमच उतरला होता आणि त्यांच्या संघात हिरोजी सातो नावाचा, तोवर बाहेर कुणाला ठाऊक नसलेला खेळाडू होता. त्याच्या बॅटीवर जाड स्पंज होता. तोवर सगळे पातळ, टिपके असलेल्या रबराने खेळत. त्यावर चेंडू टक् वाजे, आणि प्रतिस्पर्धी त्या आवाजावरून फटका किती जोराचा, चेंडूला फिरकी किती, हे ओळखत. सातोच्या बॅटीतून आवाजच येईना. चेंडू स्पंजात रुतायचा आणि निमूट, अनपेक्षित वेगाने सुटायचा. युरोप-अमेरिकेचे मातब्बर खेळाडू गोंधळून गेले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योजेफ कोत्सियानला हरवून सातो विश्वविजेता झाला. त्यानंतर स्पंजवरून सात वर्षं भांडण चाललं आणि १९५९ मध्ये महासंघाने निव्वळ स्पंज बाद करून स्पंजवर रबर चढवलेल्या, ठरावीक जाडीच्या बॅटीला परवानगी दिली.

प्रकरण तिथेच मिटलं नाही. पुढे बॅटीच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या गुणांचं, पण एकाच रंगाचं रबर लावून खेळाडू हातातल्या हातात बॅट उलटवू लागले. समोरच्याला भरवसा उरला आवाजाचा, कारण दोन रबरं वेगळी वाजत. मग सर्व्हिस करताना जमिनीवर जोराने पाय आपटून तो आवाजही झाकायची युक्ती निघाली. १९८०च्या दशकात नियम आले : पाय आपटायचा नाही, आणि एक बाजू लाल, तर दुसरी काळी हवी. कानाचं काम डोळ्यांकडे सोपवलं गेलं. ‘पिंग’ ही केवळ नावापुरती नक्कल नव्हती. त्या आवाजात माहिती होती, ती चोरता येत होती आणि लपवताही येत होती.

आवाजातली माहिती मुद्दाम, मापून काढायचं काम समुद्रात सुरू झालं. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर महिन्याभरात इंग्लंडच्या लुइस फ्राय रिचर्डसनने प्रतिध्वनीवरून हिमनग शोधण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेन्डेनने न्यूफाउंडलंडजवळ प्रत्यक्ष हिमनगाचा प्रतिध्वनी मिळवून दाखवला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लान्जव्हँने क्वार्ट्झच्या स्फटिकांना विजेने थरथरवून पाण्यात तीव्र, उच्च कंपनांचे झोत सोडले. हिशेब सोपा आहे. ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. ठोका सोडल्यापासून प्रतिध्वनी परत यायला चार सेकंद लागले तर वस्तू तीन किलोमीटरवर आहे.

ब्रिटिश नौदलाने या यंत्रणेला ‘अ‍ॅस्डिक’ म्हटलं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी १९३९ मध्ये या नावाचा अर्थ विचारला, तेव्हा नौदल खात्याने एका समितीच्या नावाची आद्याक्षरं सांगितली. त्या नावाची समिती होती याचा पुरावा पुढे अभ्यासकांना सापडला नाही. ‘सोनार’ हे अमेरिकी नाव दुसऱ्या महायुद्धातलं, रडारच्या धर्तीवर जुळवलेलं. आणि याच युद्धाच्या काळात ‘पिंग’ला विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आखूड, उंच सुराचा ठोका हा अर्थ चिकटला.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक वर्णनांत सुटतो. सोनारवाल्याच्या कानात वाजणारा पिंग हा पाण्यातला आवाज नसायचा. अ‍ॅस्डिकचे ठोके माणसाच्या श्रवणमर्यादेच्या वरच्या टोकाला किंवा त्याही पलीकडे असत. यंत्र परतलेल्या लहरीत दुसरी लहर मिसळून त्यांच्यातल्या फरकाचा, कानाला झेपेल असा सूर तयार करी. म्हणजे ज्याची नक्कल म्हणून ‘पिंग’ म्हणायचं, तो आवाज माणसाने आपल्या सोयीसाठी घडवलेला होता. पण तोही पोकळ नव्हता. पाणबुडी जवळ येत असेल तर प्रतिध्वनीचा सूर किंचित चढे, दूर जात असेल तर उतरे. मुरलेला सोनारवाला एवढ्यावरून तिची दिशा सांगे.

शब्दाचा अर्थ फिरला तो इथे. गोळीचा पिंग हा शेवट होता, चेंडूचा पिंग टोला होता. सोनारचा पिंग म्हणजे सवाल, आणि त्याचं सगळं मोल पुढच्या शांततेत. उत्तर आलं तर कुणीतरी आहे, आणि किती वेळाने आलं त्यावरून किती दूर, तेही कळतं. शिवाय या सवालाची किंमत विचारणाऱ्याला मोजावी लागते. जो पिंग करतो तो स्वतःचा ठावठिकाणाही जाहीर करतो. प्रतिध्वनी परत येईपर्यंत अर्धाअधिक विरतो; समोरच्याला मात्र एकेरी प्रवासाचा ताजा ठोका मिळतो, म्हणून तो कितीतरी दुरून सावध होतो. पाणबुड्या एरवी गप्प राहून नुसतं ऐकतात, ते यामुळेच. ८ डिसेंबर १९७१ ला मुंबईहून खुकरी आणि कृपाण या आपल्या युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघाल्या. दुसऱ्या रात्री दीवजवळ हंगोर या पाणबुडीने खुकरीला गाठलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सोनारच्या अंतराचे आकडे नौदलात किती गंभीरपणे घेतले जातात, ते अशा रात्रींमुळे.

समुद्रातल्या बाकीच्या रहिवाशांनाही हे ठोके ऐकू जातात. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सतरा सागरी सस्तन प्राणी, त्यातले बहुतेक चोचीचे देवमासे, किनाऱ्याला लागले. त्यामागे आपलं सोनार असल्याचं अमेरिकी नौदलाने नंतर मान्य केलं.

संगणकातला पिंग या सोनारचा थेट वारस आहे, आणि याबाबत शंकेला जागा नाही, कारण नाव ठेवणाऱ्यानेच ते लिहून ठेवलंय. माइक म्यूस हा मेरीलंडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत काम करणारा प्रोग्रामर. महाविद्यालयात असताना त्याने सोनार आणि रडारच्या गणिती प्रतिकृतींवर काम केलं होतं. इंटरनेटच्या नियमावलीत १९८१ पासून एक सोय होती : एका यंत्राने ‘एको’ मागायचा, दुसऱ्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. १९८३ मध्ये डेव्हिड मिल्स या संगणकतज्ज्ञाच्या बोलण्यातून म्यूसला सुचलं की, या जाण्यायेण्याचा वेळ मोजता येईल. त्या डिसेंबरात प्रयोगशाळेच्या जाळ्यात काहीतरी बिघाड झाला, म्हणून त्याने एका रात्रीत हा छोटासा प्रोग्राम लिहून काढला. तो चालू होईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्तही झाला होता. नावासाठी त्याला विचार करावा लागला नाही. सोनारचा आवाज डोक्यात होताच. मिल्सने नंतर ‘पिंग’च्या चार इंग्रजी अक्षरांना एक लांबलचक विस्तार शोधून दिला आणि आज कित्येक पाठ्यपुस्तकांत व प्रश्नपत्रिकांत तोच ‘फुल फॉर्म’ म्हणून विचारला जातो. अ‍ॅस्डिकच्या समितीइतकंच त्यात तथ्य. लहान, नादमय शब्द नुसता आवाज असू शकतो, हे शिकलेल्या माणसांना बहुधा सहन होत नाही.

संगणकाच्या पिंगला आवाज नाही, पण म्यूसने ऐकलेल्या एका किश्श्यात एका नेटवर्क-व्यवस्थापकाने तोही मिळवून दिला. इथरनेटची एखादी जोडणी मध्येच तुटत होती आणि नेमकी कोणती, ते सापडत नव्हतं. त्याने प्रत्येक उत्तराला संगणकाने तोंडाने ‘पिंग’ म्हणावं अशी व्यवस्था केली, आवाज मोठा केला आणि इमारतभर फिरून एकेक जोडणी हलवून पाहिली. जिथे पिंग थांबला, तिथे दोष. म्यूस २००० मध्ये मोटार अपघातात गेला. त्याचा प्रोग्राम आज जवळपास प्रत्येक संगणकात आहे.

यातूनच खेळणाऱ्या मुलांचा पिंग निघाला. त्यांच्या लेखी तो कृतीही नाही, आवाजही नाही. तो आकडा आहे, मिलिसेकंदांत. आणि या आकड्याला निसर्गाची वेस आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस हजार. सव्वाशे मिलिसेकंदांच्या खाली तो आकडा उतरणार नाही. केबली वळणावळणाने जातात, म्हणून प्रत्यक्षात तो आणखी मोठा. ठाण्यातला मुलगा न्यूजर्सीतल्या मामेभावाशी खेळताना हरतो, तेव्हा इंटरनेट कंपनीला शिव्या देण्याआधी पृथ्वीचा आकार लक्षात घ्यायला हरकत नाही.

आवाज पूर्ण गळून नुसता सवाल-जवाब उरल्याचं टोकाचं उदाहरण मलेशियाच्या एमएच ३७० विमानाचं. ८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं, २३९ माणसांचं हे विमान रडारवरून नाहीसं झालं. पण त्यातलं उपग्रह-उपकरण पुढे काही तास, जमिनीवरच्या केंद्राकडून साधारण तासाने येणाऱ्या ‘आहेस का?’ला ‘आहे’ म्हणत राहिलं. अभियंते याला हस्तांदोलन म्हणत होते, वार्ताहरांनी पिंग म्हटलं. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून उपग्रहापासूनचं अंतर निघालं आणि त्यावरून नकाशावर कमानी काढता आल्या. शेवटचा संकेत मलेशियाच्या घड्याळात सकाळी ८ वाजून १९ मिनिटांचा. हिंदी महासागरातल्या अवाढव्य शोधाचा सगळा भार त्या संकेतावरून काढलेल्या सातव्या कमानीवर होता. पाण्याखाली मात्र खरोखरीचे पिंगर शोधायचे होते : विमानाच्या नोंदपेट्यांवरची, ३७.५ किलोहर्ट्‌झचे ठोके देणारी उपकरणं. माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही, आणि बॅटरी तीस दिवसांची. एप्रिलमध्ये एका जहाजाला पाण्याखाली ठोके मिळाले, जगभर बातमी झाली, पण ते त्या विमानाचे नव्हते. एअर फ्रान्सचं विमान २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडल्यापासूनच तीस दिवस अपुरे असल्याचं तज्ज्ञ सांगत होते. आता नव्या पिंगरना नव्वद दिवस टिकावं लागतं.

बाकीच्या फांद्यांना इतकी खोली नाही. गोल्फचा पिंग कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याचा : १९५९ मध्ये त्याने घरी बनवलेला पटर चेंडूला लागला की पिंग वाजे, म्हणून तेच नाव. इंजिनाचा पिंग म्हणजे पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचायची वाट न पाहता आपोआप पेटल्याचा धातुमय आवाज. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. हा आवाज घालवण्यासाठी थॉमस मिजलीने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालायचा उपाय काढला आणि जगाने ते विष पुढची कित्येक दशकं श्वासातून घेतलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये थांबलं. एका क्षुल्लक आवाजावरचा इतका महागडा इलाज दुसरा आठवत नाही. वेल्श लोकांनी मायक्रोवेव्हला गमतीने ‘पोप्टी पिंग’, म्हणजे पिंग करणारी भट्टी म्हटलंय. अधिकृत शब्द वेगळाच आहे, तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

मोबाइलवरचा पिंग पुन्हा वेगळ्या जातीचा. २०२१च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये करोनाबाधिताच्या जवळपास आलेल्यांना आरोग्यसेवेचं अ‍ॅप ‘घरी बसा’ असा इशारा देत होतं. एका आठवड्यात असे सहा लाखांहून जास्त इशारे गेले, दुकानं-कारखाने ओस पडू लागले आणि वर्तमानपत्रांनी ‘पिंगडेमिक’ हा शब्द घडवला. या पिंगला उत्तर द्यायचं नव्हतं; ती सूचना होती. कचेरीतला ‘पिंग कर’ या अ‍ॅपच्या पिंगच्या आणि सोनारच्या पिंगच्या मधे कुठेतरी बसतो. मराठीत तो का चालला, याचा माझा एक अंदाज आहे. बोलावणे, हाक मारणे, निरोप धाडणे, कळवणे, विचारणे या आपल्या प्रत्येक शब्दात कोण मोठा आणि कोण लहान, ते ठरलेलं असतं. साहेबांना हाक मारता येत नाही, आणि शिपायाला कुणी ‘कळवत’ नाही. ‘सर, तुम्हाला पिंग केलं होतं’ यात मात्र ना आगाऊपणा, ना लाचारी. शब्द परका असल्याचा हा फायदा.

पण म्यूसच्या अर्थाचा पिंग, म्हणजे आत मजकूर काही नाही आणि हवं फक्त उत्तर, असा पाहायचा असेल तर तो आपल्याकडे वेगळ्या नावाने नांदत होता : मिस्ड कॉल. फोन उचलला तर पैसे, म्हणून वाजू द्यायचा आणि तोडायचा. एकदा वाजला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर खाली ये, असे संकेत घराघरांत ठरलेले. रिक्षावाले, दूधवाले, कॉलेजातली पोरं, सगळे यात तरबेज. कुणी फोन उचललाच तर ‘उचललास कशाला?’ म्हणून ओरडा बसायचा. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाने पाठिंबा नोंदवण्यासाठी मिस्ड कॉलच मागवले, आणि मग राजकीय पक्षांनी सदस्यनोंदणीला तीच युक्ती उचलली. २०१६ मध्ये जिओने बोलणं फुकट केल्यावर तोडायचं कारण उरलं नाही. आता गाडी स्टेशनात शिरली की मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं एक टिंब पाठवते आणि आई त्याच्याखाली अंगठा टेकवते.